साखरेत सापडलेला वायूचा नियम

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या लोह्यातून बारावीची मुले शिकवणीसाठी एक तर नांदेडची वाट धरतात, नाही तर बाडबिस्तरा घेऊन लातूर गाठतात. डॉक्टर व्हायचे तर नीट द्यायची, आणि नीट द्यायची तर रसायनशास्त्र चुकत नाही. त्या रसायनशास्त्रातले दोन धडे मुलांना हमखास छळतात. पहिला वायूंच्या दाबाचा. दाब, आकारमान, मोल आणि तापमान यांना एकत्र बांधणारे ‘पीव्ही बरोबर एनआरटी’ हे त्याचे सूत्र. दुसरा शर्करांच्या समघटकांचा, म्हणजे मुले ज्यांना आयसोमर म्हणतात त्यांचा. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज या तिघांचे रेणुसूत्र एकच, तरी पदार्थ वेगळे. एक धडा आकडेमोडीचा, दुसरा आकृत्यांचा. दोन्ही वेगळ्या वह्यांत उतरवायचे, वेगळे पाठ करायचे आणि परीक्षा झाली की विसरायचे, असा रिवाज आहे.

या दोन धड्यांचे एकमेकांशी नाते आहे, असे कोणी सांगितले तर मुले हसतील. पण नाते आहे, आणि ते एका माणसाच्या आयुष्यातून जाते. त्या माणसाचे नाव मुलांना ठाऊक असते, मात्र एका गुणांकापुरते. याकोबस हेन्रिकस व्हॅन्ट हॉफ हे रसायनशास्त्राच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. दवाखान्यात लटकणारी सलाईनची बाटली, जुलाबात द्यायची ओआरएसची पुडी आणि क्षयरोगावरची गोळी, या तिन्हींच्या मुळाशी त्यांचा विचार आहे.

व्हॅन्ट हॉफ यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५२ रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरात झाला. वडील डॉक्टर, घरात सात भावंडे. शाळेत असतानाच या मुलाला प्रयोगांचे वेड लागले. सुटीच्या दिवशी तो शाळेच्या प्रयोगशाळेत चोरून शिरे आणि नेमके घातक पदार्थ हाताळून पाही. एकदा पकडला गेला. वडिलांनी रागे भरले, पण मुलाचा ओढा ओळखून घरातच प्रयोगासाठी जागाही करून दिली.

मुलाने पोटापाण्याचे शिक्षण घ्यावे, अशी घरच्यांची इच्छा होती. म्हणून १८६९ मध्ये तो डेल्फ्टच्या तंत्रशाळेत दाखल झाला आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपवला. तेथे असताना सुटीत त्याने एका साखर कारखान्यात काम केले. तो कारखाना बिटाच्या साखरेचा. आपल्याकडच्यासारखा उसाचा नव्हे. पण हंगामातला रोजचा तोच तो रगाडा मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. आयुष्यभर हेच करायचे, या कल्पनेने तरुणाचा जीव कोंडला. तंत्रज्ञ व्हायचे नाही, शास्त्रच करायचे, हे त्याने तेथेच ठरवले. साखरेने त्याला कारखान्यातून पळवले खरे, पण साखर काही त्याच्या आयुष्यातून गेली नाही.

मग लायडनला गणित, जर्मनीत बॉन येथे केकुले यांच्याकडे आणि पॅरिसला वुर्ट्झ यांच्याकडे रसायनशास्त्र, असे शिक्षण घेत ते उट्रेख्टला परतले. तेव्हाच्या रसायनशास्त्रापुढे एक कोडे होते. रेणूत कोणते अणू किती आणि कोण कोणाला जोडलेला, हे कागदावर लिहिता येऊ लागले होते. पण काही पदार्थ असे निघत की हे सगळे अगदी सारखे, तरीही पदार्थ दोन. दूध आंबल्यावर तयार होणारे लॅक्टिक आम्ल आणि प्राण्यांच्या मांसात सापडणारे लॅक्टिक आम्ल यांचे तसेच होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विस्लिसेनुस यांनी दोघांची जोडणी सारखीच असल्याचे दाखवले होते. फरक एवढाच की, एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश त्यांच्या द्रावणातून सोडला, तर मांसातले आम्ल तो वळवी, दुधातले वळवत नसे.

विस्लिसेनुस यांचा तो लेख उट्रेख्टच्या ग्रंथालयात वाचत असताना व्हॅन्ट हॉफ मध्येच उठून फिरायला गेले आणि त्या फेरफटक्यात त्यांना उत्तर सुचले, अशी आठवण ते पुढे सांगत. उत्तर साधे होते. रसायनशास्त्रज्ञ रेणू कागदावर काढतात म्हणून त्यांना तो सपाट वाटतो. रेणू सपाट नसतो. त्याला लांबी-रुंदीसारखी उंचीही असते.

शेतातून अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला सराटा माहीत आहे. कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर राहतो. कार्बनचा अणू साधारण तसाच समजा. त्याचे चार हात चार दिशांना, एकमेकांपासून शक्य तितके दूर फाकलेले. या चार टोकांना चार वेगवेगळे गट जोडले, तर ते दोनच प्रकारे बसतात, आणि ते दोन प्रकार म्हणजे आरशातली एकमेकांची रूपे. उजव्या पायाची चप्पल आणि डाव्या पायाची चप्पल. मापे तीच, पट्टे तेच, पण एक दुसरीच्या जागी बसत नाही. प्रकाश एक रूप उजवीकडे वळवते, दुसरे डावीकडे. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळली की वळण शून्य. लॅक्टिक आम्लाचे कोडे सुटले.

सप्टेंबर १८७४ मध्ये व्हॅन्ट हॉफ यांनी हे डच भाषेत छापले. बारा पानांचा मजकूर आणि एक पान आकृत्या, एवढीच ती पुस्तिका. वय २२, आणि डॉक्टरेट अजून हातात नव्हती. पदवीसाठी त्याच वर्षअखेर त्यांनी जो प्रबंध दिला, तो एका साध्या, रूढ विषयावरचा होता. पॅरिसला त्यांच्याच सोबत काम केलेल्या ल बेल या फ्रेंच शास्त्रज्ञानेही जवळपास त्याच सुमारास स्वतंत्रपणे असाच विचार मांडला. दोघांपैकी कोणी कोणाचे घेतले नव्हते.

या पुस्तिकेतून एक हिशेब निघत होता. ज्याला चार वेगवेगळे गट जोडले आहेत असा एक कार्बन असेल तर दोन रूपे. असे दोन कार्बन असतील तर चार, तीन असतील तर आठ. दर कार्बनला दुप्पट. ग्लुकोजच्या सरळ साखळीत असे चार कार्बन आहेत. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण सोळा. त्या जोडणीच्या सोळा शर्करा असायला हव्यात, आणि ग्लुकोज त्यांतली एक. परीक्षेत विचारला जाणारा ‘दोनचा एन घात’ तो हाच. पाठ करण्याऐवजी मुलांनी सराट्यासारखे चार काटे मातीच्या गोळ्यात खोचून पाहिले, तर सूत्र आपोआप हाती येते. व्हॅन्ट हॉफ यांनीही तेच केले होते. त्यांनी पुठ्ठ्याचे छोटे चतुष्फलक बनवून नामवंत रसायनशास्त्रज्ञांना पाठवले. त्यांतले काही नमुने लायडनच्या संग्रहालयात आजही आहेत.

सगळ्यांना हे पटले नाही. व्हॅन्ट हॉफ यांना १८७६ मध्ये नोकरी मिळाली ती उट्रेख्टच्या पशुवैद्यक शाळेत. पुढच्या वर्षी पुस्तिकेचा जर्मन अनुवाद निघाला आणि लाइपझिगचे वजनदार प्राध्यापक हेर्मान कोल्बे खवळले. आपल्या नियतकालिकात त्यांनी या अनोळखी तरुणावर तुटून पडणारा लेख लिहिला. प्रयोग करण्याचे कष्ट नकोत म्हणून हा गडी पशुवैद्यक शाळेच्या तबेल्यातून पंखांचा घोडा घेऊन निघाला आहे, अशा अर्थाची खिल्ली त्यात होती. घोडे तपासणाऱ्यांना शिकवणारा माणूस शास्त्र काय सांगणार, हा त्यामागचा भाव. माळेगावच्या यात्रेत घोड्याचे दात पाहून त्याचे वय सांगणारा जाणकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या टोमण्याचे हसूच येईल.

कोल्बे काही सामान्य नव्हते. प्रयोगाच्या कामात त्यांचा हात धरणारे थोडे. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या अणूंच्या जागा सांगणे हा त्यांना थेट कल्पनाविलास वाटला. यावर व्हॅन्ट हॉफ यांची भूमिका वर्षभरात लोकांसमोर आली. १८७८ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, ते ॲमस्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले. पहिल्या जाहीर व्याख्यानाला त्यांनी विषय निवडला विज्ञानातील कल्पनाशक्तीचा. सुमारे दोनशे शास्त्रज्ञांची चरित्रे चाळून त्यांनी दाखवले की, मोठे शोध लावणाऱ्यांपैकी अनेकांना काव्य, चित्र, संगीत यांचीही ओढ होती. न दिसणारे मनात उभे करता येणे हे शास्त्राचे वैगुण्य नव्हे, भांडवल आहे, असा त्यांचा सांगावा होता. त्याच वर्षी त्यांचे लग्न योहाना मेस यांच्याशी झाले. पुढे त्यांना दोन मुली आणि दोन मुलगे झाले.

ॲमस्टरडॅमलाच त्यांना दुसरा धडा भेटला, तोही अनपेक्षितपणे. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस झाडांच्या पेशी पाणी कशा धरून ठेवतात याचा अभ्यास करत होते. एकदा रस्त्यात गाठ पडली असता द व्ह्रीस यांनी फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगांची हकीकत सांगितली.

तो प्रयोग समजायला मनुके पाण्यात टाकून पाहावेत. तासाभरात ते फुगतात. उलट कैरीच्या फोडींना मीठ लावले की फोडी आकसतात आणि बरणीत पाणी सुटते. दोन्हीकडे एकच गोष्ट घडते. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी सहज ये-जा करते, पण साखर आणि मीठ सहजी जात नाहीत. मग विरघळलेले कण जिकडे जास्त, तिकडे पाणी जाते. याला परासरण म्हणतात. हे पाणी थोपवून धरायला जेवढा दाब द्यावा लागतो, तो परासरण दाब. फेफर यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्यावर कृत्रिम पडदा बसवून साखरेच्या द्रावणांचा हा दाब १८७७ मध्ये मोजून ठेवला होता. एक टक्का साखरेच्या द्रावणाचा दाब सुमारे ७ अंश सेल्सियसला ०.६६ वातावरण भरला. साखर दुप्पट केली की दाब जवळपास दुप्पट. तापमान वाढवले की दाब थोडा वर.

व्हॅन्ट हॉफ यांच्या डोक्यात लगेच दुसरे चित्र उभे राहिले. बंद भांड्यातल्या वायूचेही असेच तर असते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा जास्त भरली की दाब वाढतो, कारण आतून धडका देणारे रेणू वाढतात. उन्हात ट्यूब तापली की दाब वाढतो, कारण धडका जोराच्या होतात. वायू हायड्रोजन असो की ऑक्सिजन, त्याने फरक पडत नाही. किती कण आहेत तेवढेच पाहायचे. ‘पीव्ही बरोबर एनआरटी’ हे सूत्र म्हणजे या सगळ्याचा एका ओळीतला हिशेब. व्हॅन्ट हॉफ यांनी फेफर यांचे आकडे घेतले आणि विचारले, एवढ्याच जागेत साखरेच्या रेणूंइतकेच वायूचे रेणू भरले असते, तर दाब किती आला असता? उत्तर आले तेच, ०.६६ वातावरण.

पाण्यातली साखर आणि भांड्यातला वायू यांचा हिशेब एक. १८८५ ते १८८७ या काळात त्यांनी हा नियम मांडला. तो पातळ द्रावणांना लागू पडतो. फक्त मिठासारखे क्षार हट्टी निघाले; त्यांचा दाब जवळपास दुप्पट येई. म्हणून त्यांनी सूत्रात एक दुरुस्ती गुणांक घातला, तोच आजचा व्हॅन्ट हॉफ गुणांक. तो का लागतो, ते स्वीडनच्या तरुण स्वांते अऱ्हेनियस यांनी उलगडले. पाण्यात मिठाच्या एका जोडीचे दोन आयन सुटे होतात. कण दुप्पट, म्हणून दाब दुप्पट.

आता दवाखान्यात या. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेले असते, म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. शेजारी ग्लुकोजची बाटली असेल तर तिच्यावर ५ टक्के, म्हणजे लिटरमध्ये ५० ग्रॅम ग्लुकोज. ९ कुठे आणि ५० कुठे? बारावीच्या मुलाने कागद घ्यावा. ९ भागिले मिठाचे मोलर वस्तुमान ५८.५, म्हणजे ०.१५४ मोल, गुणांक दोन धरून ०.३०८. आणि ५० भागिले ग्लुकोजचे १८०, म्हणजे ०.२७८. कणांची संख्या जवळपास सारखी निघाली. शरीराच्या तापमानाला या द्रावणांचा दाब सात ते आठ वातावरण येतो, आणि आपल्या रक्ताचाही तेवढाच असतो. म्हणून तांबड्या पेशी त्यांत सुखरूप राहतात. नुसते शुद्ध पाणी शिरेत सोडले, तर त्या मनुक्यांसारख्या फुगून फुटतील, आणि ते जिवावर बेतेल. फार खारट द्रावण गेले, तर कैरीच्या फोडींसारख्या आकसतील.

घरात उपयोगी पडणारी गोष्ट ओआरएसची. आपल्याकडे मिळणाऱ्या मोठ्या पुडीत सुमारे साडेवीस ग्रॅम पावडर असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी मोजलेली असते. काही माणसे लवकर गुण यावा म्हणून ती पेलाभर पाण्यात ढवळून पोराला पाजतात. मग आतड्यात कणांची गर्दी होते, पाणी शरीरात जाण्याऐवजी आतड्याकडे ओढले जाते आणि जुलाब वाढू शकतात. पुडीवर लिहिलेले पाण्याचे माप पाळणे म्हणजे व्हॅन्ट हॉफ यांचा नियम पाळणे. तो पाठ नसला तरी चालेल, माप चुकता कामा नये.

इकडे साखरेच्या सोळा रूपांचा हिशेबही खरा ठरत होता. एमिल फिशर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ, योगायोगाने १८५२ मध्येच जन्मलेले. त्यांनी शर्करा एकामागून एक प्रयोगशाळेत बनवल्या, तपासल्या, आणि १८९१ मध्ये त्या सोळांतली ग्लुकोजची नेमकी जागा ठरवली. ज्या विचाराला कोल्बे यांनी पंखांचा घोडा म्हटले होते, त्यावरच ही मांडणी उभी होती. कोल्बे मात्र ते पाहायला नव्हते. १८८४ मध्येच ते वारले होते.

हे रूपभेद आपल्या ताटातही आहेत. ज्वारीच्या दाण्यातले पिठूळ आणि तिच्याच कडब्यातला काष्ठतंतू, दोन्ही ग्लुकोजच्याच लांब माळा. फरक फक्त मणी कोणत्या बाजूने ओवले याचा. पहिल्या जोडणीला आपल्या पोटातल्या विकरांचा हात बसतो, दुसरीला बसत नाही. म्हणून भाकरी आपण खातो आणि कडबा बैल, कारण त्याच्या पोटातल्या जंतूंना ती दुसरी जोडणी तोडता येते.

१८९६ मध्ये व्हॅन्ट हॉफ बर्लिनला गेले. तेथे आठवड्याला एक व्याख्यान आणि बाकी वेळ संशोधन, अशी सोय होती. आधी चार वर्षे तेथे आलेले फिशर आता त्याच शहरात होते. १९०१ मध्ये नोबेल पारितोषिके सुरू झाली. रसायनशास्त्राचे पहिले व्हॅन्ट हॉफ यांना मिळाले, रासायनिक अभिक्रियांच्या गतीचे आणि परासरण दाबाचे नियम शोधल्याबद्दल. दुसरे, १९०२ चे, फिशर यांना, शर्करा आणि प्युरीन यांवरील कामासाठी. मुलांच्या वहीतले ते दोन छळवादी धडे असे लागोपाठ सन्मानित झाले.

शेवटची वर्षे व्हॅन्ट हॉफ यांना क्षयाने ग्रासले. त्या काळी त्यावर औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि वाट पाहणे. १ मार्च १९११ रोजी बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ येथे ते वारले. वय ५८.

त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९६१ मध्ये, एथॅम्ब्युटॉल हे क्षयावरचे औषध सापडले. त्याच्या रेणूतही चार वेगळे गट धरणारे कार्बन आहेत. त्याचे एक रूप क्षयाच्या जंतूला रोखते. त्याचेच आरशातले रूप त्यापुढे जवळजवळ निकामी. म्हणून गोळीत एकच रूप घालतात. आज सरकारी दवाखान्यात क्षयाच्या रुग्णाला मोफत मिळणाऱ्या गोळ्यांत हे औषध असते. ते घेताना नजर अंधूक वाटली किंवा रंग नीट ओळखू येईनासे झाले तर लगेच डॉक्टरांना सांगावे, आणि बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

कार्बनच्या चार हातांची दिशा बावीस वर्षांच्या ज्या तरुणाने सांगितली, त्याला स्वतःला ही गोळी मिळाली नाही. लोह्यातला जो मुलगा आज हा धडा पाठ करतो आहे, तो उद्या डॉक्टर होऊन ती लिहून देईल. तेव्हा पुठ्ठ्याचे ते चतुष्फलक त्याला आठवले, तर धडा समजला असे म्हणायचे.